वरीलप्रमाणे

७ नोव्हेंबर

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितेय. मी माघार घेतली असं समजू नकोस. चार वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाच्या वेळी जे बोलले ते बोलले. त्यातलं अर्धं आज बोलले नसते, पण कुठलं अर्धं ते विचारू नकोस.

कामाचं सांगते. बसस्थानकातल्या स्फोटानंतर नवा आदेश आलाय. आठ वर्षांपूर्वीच्या निर्वासितांच्या लोंढ्यात आमच्या सरहद्दीच्या नाक्यावरून जे जे आत आले, त्या सगळ्यांच्या फायली पुन्हा उघडायच्या आहेत. तुझा वायरमन त्याच वर्षी आमच्याच पुलावरून आला, एवढं मला आईकडून कळलंय. आई तुझ्याशी चोरून बोलते हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. आम्ही दोघी त्यावर काही बोलत नाही, म्हणून घरात शांतता आहे.

तर त्याला सांग, कागद सगळे एका ठिकाणी ठेव. प्रवेशाची पावती, राहण्याचा परवाना, मालकाचं पत्र. विचारलं तेवढंच सांगायचं, हुशारी नको. आणि माझं नाव कुठेही घ्यायचं नाही. आम्हाला एक फॉर्म भरायला लावला होता, नात्यात त्या लोंढ्यातलं कोणी आहे का म्हणून. मी 'नाही' लिहिलं. तुला राग येईल, पण तूच दहा जणांना सांगितलंस ना की तुला बहीण नाही? मग तुझ्या नवऱ्याला मेहुणी कुठून येणार. ऑफिसातल्या लोकांचे फोन सध्या ऐकतात असं म्हणतात, तेव्हा फोन उचलत नाहीस तेच बरं आहे. पत्रं अजून कोणी वाचत नाही. कंटाळवाणी असतात म्हणून असेल.

बसस्थानकात एकतीस माणसं गेली. आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बाईंचा नवरा त्यात होता, तिकिटाच्या रांगेत. बाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. फरशी पुसता पुसता माझ्या खुर्चीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एकालाही सोडू नका." मी म्हटलं, "नाही सोडणार." दुसरं काय म्हणणार होते? तू नव्या आदेशाच्या नावाने बोटं मोडत असशील, तर एकदा त्या बाईंचाही विचार कर.

घाबरण्यासारखं काही नाही. कागद सरळ असले की माणसाला काही होत नाही. सत्तावीस वर्षं हेच करतेय, मला कळतं.

आईचे गुडघे तसेच आहेत.

ताई


२२ नोव्हेंबर

धाकटे,

दोन ओळींचं का होईना, उत्तर आलं. 'नोटीस आली आहे. हा काय प्रकार आहे?' ना 'प्रिय', ना 'ताई'. असो.

प्रकार असा आहे. स्फोटात ज्याला धरलंय तोही आठ वर्षांपूर्वी आमच्याच नाक्यावरून आत आला होता. त्याची नोंद नोंदवहीच्या एकशे बाराव्या पानावर आहे. त्या पानावर चोवीस नावं आहेत. पहिलं त्याचं, सतरावं तुझ्या नवऱ्याचं. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सहा प्रश्न विचारायचो. गाव कुठलं, कुठल्या वाटेने आलात, बरोबर कोण होतं, वाट कोणी दाखवली, वाटेत कोणाकडे राहिलात, इथे कोणाला ओळखता. नोंदीप्रमाणे त्या पानावरच्या बाकी तेवीस जणांची उत्तरं अगदी पहिल्यासारखीच आहेत. तेच गाव, तोच वाटाड्या, राहिलेही त्याच घरात. ते गाव आणि ते घर दोन्ही आता तपासवाल्यांच्या यादीत आहेत. म्हणजे कागदावर तुझा नवरा त्या माणसाच्या टोळीतून आलाय.

तू लिहितेस, तो त्याला ओळखतही नाही. 'सगळे असंच म्हणतात' असं मी इथे लिहिलं होतं. खोडलंय. खोडलेलं वाचता येत असेल तर वाचू नकोस.

त्या दिवशी खिडकीवर कोण होतं ते आता आठवत नाही. आम्ही आळीपाळीने बसायचो. बघते काय करता येतं ते. सुनावणी एकोणीस डिसेंबरला आमच्याच ऑफिसात आहे. तोवर त्याने शहर सोडायचं नाही, एका दिवसासाठीसुद्धा. पळाला असं लिहून मोकळे होतील.

ताई

ता.क. तो नीट जेवतो का? मी नाही विचारत, आई विचारतेय.


४ डिसेंबर

धाकटे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या दिवशी खिडकीवर मीच होते. एकशे बारावं पान माझ्या अक्षरात आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा नीट वाच. त्या आठवड्यात दिवसाला हजार-अकराशे माणसं पूल ओलांडून येत होती. आमच्या खिडक्या तीन आणि दुभाषी एक, त्याचाही घसा तिसऱ्या दिवशी बसला. सहा प्रश्न नीट विचारायचे तर एका माणसाला वीस मिनिटं लागायची. बाहेर माणसं उन्हात उभी होती, चक्कर येऊन पडत होती. तेव्हाच्या मोठ्या क्लार्कने मला युक्ती शिकवली. एका ट्रकमधून उतरलेली माणसं एका ओळीत उभी करायची, पहिल्याला सगळं विचारायचं, आणि बाकीच्यांच्या नुसत्या नावापुढे 'वरीलप्रमाणे' लिहून पुढे जायचं. "एकाच ट्रकमधून आले ना? मग उत्तरं काय वेगळी असणार?" तो म्हणाला. मला पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

तो ट्रक नदीपलीकडच्या फाट्यावर उभा असायचा. जो येईल त्याला चढवायचा आणि भरला की निघायचा. त्यातली माणसं एकमेकांना फाट्यापासून पुलापर्यंत ओळखत होती, बस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पहिल्याने उत्तरं धडाधड दिली. दुभाष्याला थांबावंही लागलं नाही. मनात म्हटलं, किती शहाणा माणूस आहे, काम सोपं केलं माझं. मग खाली तेवीस वेळा तेच लिहिलं. शेवटी शेवटी तर नुसतं 'वरी' आणि पुढे एक रेघ आहे. आणि मजा सांगू? मला त्या दिवशी वाटत होतं की मी उपकार करतेय. लोकांना लवकर सावलीत पोचवतेय.

सतराव्याचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. नाही आठवत. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं असेल आणि मी 'पुढे चला' म्हटलं असेल. सगळ्यांना तेच म्हणत होते.

आता हे साहेबांना सांगायचं तर नोकरी जाणार. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. नातं लपवलं ते आणखी वेगळं. म्हणून मी असा विचार करतेय, की सुनावणीत तो व्यवस्थित बोलला, मालकाने चार चांगले शब्द सांगितले, तर माझी गरज पडणारही नाही. हा विचार भित्रा आहे हे मला कळतं. तू मुद्दाम पत्र पाठवून कळवायला नको.

ताई


१२ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. एका शाळेच्या सभागृहात पंख्याची वायर जोडत होता, त्याला शिडीवरून खाली उतरवून नेलं, आणि तू संध्याकाळी गेलीस तेव्हा शिडी तशीच पंख्याखाली उभी होती. हे तू मला का लिहिलंस ते समजलं. कालपासून माझ्यासमोर तीच शिडी आहे.

तू विचारतेस, सुनावणीच्या आधीच का नेला? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चार तारखेलाही माझ्याकडे होतं. अठ्ठावीस नोव्हेंबरला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता, टाइप करून तयार. 'सदर पानावरील नोंदी प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्रपणे प्रश्न विचारून घेतल्या आहेत.' साहेब म्हणाले, "तुमचंच अक्षर आहे ना? मग करा सही, औपचारिकता आहे." मी म्हटलं, "त्या वेळी फार गर्दी होती, साहेब." ते म्हणाले, "गर्दी होती हे कोणी विचारलेलं नाही." मी सही केली. त्या सहीवर तेवीस जणांच्या अटकेचा हुकूम निघाला. मागच्या पत्रात एवढं सगळं कबूल केलं आणि नेमकं हे गिळलं. वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

आईने तुझं पत्र वाचलं. मी लपवलं होतं, पण या घरात तिच्यापासून काही लपत नाही. मग मला सगळंच सांगावं लागलं. मी तिला समजावू लागले, की नोकरी गेली तर घर कसं चालायचं, तुझी औषधं, तुझे गुडघे. तिने मला मधेच थांबवलं. "माझे गुडघे मधे आणू नकोस," म्हणाली. "माझे गुडघे तुझ्या नोकरीच्या आधीपासून दुखतायत." आणि मग उठून, भिंतीला धरत धरत, आत जाऊन झोपली. दिवसाउजेडी झोपणारी बाई नव्हे ती.

मी एकोणीस तारखेला जाणार आहे आणि बोलणार आहे. तू येशीलच. माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला.

ताई


२० डिसेंबर

धाकटे,

तुला आत येऊ दिलं नाही, आणि मी बाहेर आले तोवर तू निघून गेली होतीस. आत काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

आमच्याच ऑफिसातली खोली, जिथे आम्ही डबे खातो ती. टेबलाला हिरवं कापड घातलं की तिची सुनावणीची खोली होते. टेबलापलीकडे तिघं, त्यात मधे आमचे साहेब. अलीकडे तुझा नवरा आणि दारात शिपाई. मी त्याला पहिल्यांदा पाहत होते. पहिल्यांदा म्हणजे दुसऱ्यांदा. उंच आहे गं. मला का कोण जाणे, बुटका वाटत होता.

मी उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. ट्रक, ओळ, मोठ्या क्लार्कची युक्ती, तेवीस वेळा लिहिलेला तो शब्द, आणि खोट्या कागदावरची माझी सही. हा माझ्या बहिणीचा नवरा आहे हेही सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण त्या तिघांत एक बाई होती, वरच्या ऑफिसातून आलेली, ती अगदी शांत होती. तिने मला विचारलं, "म्हणजे या माणसाला तुम्ही प्रश्न विचारलेच नाहीत?"

"नाही."

"त्याने दिलेली उत्तरं कुठेच नाहीत?"

"नाहीत. म्हणून तर सांगतेय, त्याचा त्या पहिल्या माणसाशी काही संबंध नाही."

"ते ठीक आहे. टोळीचा संशय आम्ही काढून टाकतो." तिने खरंच काहीतरी खोडलं. मला हायसं वाटलं, धाकटे. पाच सेकंद वाटलं असेल. मग ती म्हणाली, "पण प्रश्नोत्तरं झाली नसतील तर नोंद झाली नाही. नोंद झाली नाही तर प्रवेश झाला नाही. पुढचे सगळे परवाने त्या प्रवेशावर दिलेत, ते आपोआप रद्द. फक्त याचेच नाहीत, तेवीसही जणांचे. दहा दिवसांत पुलापलीकडे."

मी म्हटलं, "अहो, चूक माझी आहे. त्याची नाही."

ती म्हणाली, "चूक तुमचीच आहे, तसंच लिहिलंय." आणि तिने कागद माझ्याकडे फिरवला. खरंच तसं लिहिलं होतं.

मला पुढचं धड आठवत नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते एवढं खरं. तुझा नवरा आपल्या खुर्चीवरून उठला, शिपाई ओरडला तरी उठला, आणि ती खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बसा ताई. पडाल." ज्या बाईने त्याचा संसार एका रेघेत मोडला, तिला ताई म्हणाला. चार वर्षं मी त्याला 'तुझा वायरमन' म्हणत आले.

मी गप्प बसले असते तर त्याला तुरुंग होता. बोलले तर पूल. मधलं काही माझ्या हातात होतं का, याचा मी कालपासून विचार करतेय. होतं. आठ वर्षांपूर्वी होतं. वीस मिनिटं.

मला निलंबित केलंय. साहेब वाचले. गर्दी होती असं त्यांनी लिहून दिलंय म्हणे.

ताई


९ जानेवारी

धाकटे,

हे पत्र पुलावरून ये-जा करणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हाती देतेय, कारण टपाल आता पुलावर फोडून वाचतात. तुझी चिठ्ठीही त्यानेच आणून दिली.

एकोणतीस डिसेंबरला तुम्ही पूल ओलांडलात तेव्हा आई आणि मी कुंपणाबाहेर उभ्या होतो. तू पाहिलं नाहीस, की पाहिलंस, ते माहीत नाही. त्याच्या हातात कपड्यांच्या दोन बॅगा आणि तुझ्या खांद्यावर त्याच्या हत्यारांची पिशवी. तू एका बाजूला वाकडी होऊन चालत होतीस. तुला जायची गरज नव्हती, तुझे कागद सरळ होते. आई म्हणाली, "ती जाणारच होती, तू उगाच तोंड वाकडं करू नकोस." नंतर रस्त्याने रडत होती. मीही रडत होते. लोक बघत होते, बघू देत.

तुझ्या चिठ्ठीत मला शिव्या असतील असं वाटलं होतं. असत्या तर बरं झालं असतं. तू एकच ओळ लिहिलीस. 'बाकीच्या बावीस जणांचं काय?' आणि मला लाज वाटली. कारण सुनावणीच्या दिवसापर्यंत मला एकच दिसत होता, सतरावा. तोही तुझ्यामुळे.

म्हणून वकीलबाई शोधल्या. त्या फार आशा दाखवत नाहीत, मलाही तशीच माणसं आवडतात. त्या म्हणाल्या, एक फट आहे. त्या दिवशी नोंद घ्यायचा अधिकार ज्या क्लार्कला होता, तिनेच उशिरा का होईना प्रत्येकाची उत्तरं घेतली आणि शपथेवर दिली, तर वरच्या कोर्टाला 'नोंदच नाही' असं सरळ म्हणता येणार नाही. कोर्ट ऐकेल की नाही, ते सांगता येत नाही. मुदत एकतीस जानेवारी. चालेल का असं त्या विचारत होत्या आणि मी उठून चपला घालत होते.

बावीसपैकी अकरा तुमच्याबरोबर पलीकडे गेले. दोघांचा पत्ता लागत नाही. उरलेल्या नऊ जणांना आजारपणामुळे, लहान मुलांमुळे थोडी सवलत मिळालीय. मी त्यांच्या दारी जातेय. पहिल्या बाईने मी कोण ते ऐकून दार लावून घेतलं. मी पायरीवर बसून राहिले. तीन तासांनी तिने चहा आणून ठेवला आणि बोलायला लागली. दुसरा बेकरीत कामाला आहे, तो आधी खूप हसला. "आता विचारताय?" म्हणाला. मग पीठ मळता मळता दीड तास सांगत होता. आतापर्यंत सहा जणांचं लिहून झालंय. सहांची सहा गावं वेगळी. एकजण बहिऱ्या मावशीचा हात धरून डोंगरातून चालत आला होता. दोघं तर त्या देशाचेही नव्हते. आणि मी त्यांना सगळ्यांना एका माणसाच्या खाली बांधून ठेवलं होतं.

झाडलोटवाल्या बाई बाजारात भेटल्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तेवीस त्याच्याबरोबर नव्हते, मग त्याच्याबरोबर कोण होतं?" त्याचे खरे साथीदार दुसऱ्या कुठल्या तरी पानावर, दुसऱ्या कुणाच्या तरी खाली, आरामात आत आले असतील. ते पान कुणाच्या अक्षरात आहे, देव जाणे. त्या बाईंच्या नवऱ्याचंही मी देणं लागते, हे मला तिथे भाजीच्या गाड्यासमोर कळलं.

आता तुझं काम. सोबत कोरे कागद पाठवतेय, कमी पडले तर पाकिटांच्या मागे लिहा. तुमच्याबरोबरच्या अकरा जणांना एकेक करून बसव. एकाचं ऐकताना दुसरा जवळ नको. घाई करू नकोस. माणूस रडला तर थांब, गप्प झाला तर आणखी थांब, आणि तो म्हणेल तेच लिही. तुझ्या शब्दांत सुधारू नकोस, तुला ती खोड आहे. प्रत्येकाची सही किंवा अंगठा घे. ट्रकवाला गुरुवारी परत येतो. मग मी स्वतः पलीकडे येऊन, सगळ्यांसमोर वाचून, शपथेवर सही करीन. मला पलीकडे सोडतील, परत घेतील का ते वकीलबाईंनी सांगितलेलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "जा."

पण सगळ्यांत आधी त्याला बसव. त्याला सांग, ताईने विचारलंय. चार वर्षं तो आपल्या घरचा जावई आहे, आठ वर्षं माझ्या वहीत आहे, आणि धाकटे, मला त्याच्या गावाचं नावसुद्धा माहीत नाही. ते लिहून पाठव.

तुझी ताई